मृत्युपत्र करताय? मग आधी दोन साक्षीदार नीट निवडा

आमच्या मोठ्या काकांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. यावल तालुक्यात केळीची शेती, गावात स्वतःच्या पैशाने बांधलेलं घर. धाकटी मुलगी नवरा वारल्यावर माहेरी आलेली, तिला हे राहतं घर मिळावं एवढीच त्यांची इच्छा, आणि ती त्यांनी लिहूनही ठेवली होती, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, छान टाईप करून, वर नोटरीचा लाल शिक्का. घरात सगळ्यांना वाटायचं की एवढा पक्का कागद आहे, आता काही होत नाही. आप्पा गेल्यावर मोठ्या मुलाने कोर्टात हरकत घेतली. दोन साक्षीदारांपैकी एक तोवर वारला होता, दुसऱ्याला कोर्टात बोलावलं तेव्हा तो जे खरं तेच बोलला, की आप्पांनी सही केली तेव्हा मी तिथं नव्हतोच, दुसऱ्या दिवशी कोणीतरी कागद माझ्या दुकानावर आणला, मी गिऱ्हाईक करता करता सही केली. झालं, मृत्युपत्र तिथंच पडलं. घर काकू, दोन मुलगे आणि मुलगी अशा चार सारख्या वाट्यांत गेलं आणि जिच्यासाठी आप्पांनी एवढं केलं तिला आज स्वतःच्या स्वयंपाकघराचा सुद्धा पूर्ण हक्क नाही.

मी वकील नाही, पण त्या केसच्या तारखांना काकूंसोबत मीच जायचो, आणि नंतर दादांचं (म्हणजे माझ्या वडिलांचं) मृत्युपत्र करताना सगळं नीट विचारून, वाचून केलं. ते इथं सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडे अजूनही हा विषय काढला की म्हातारी माणसं म्हणतात "आते काय घाई शे?" आणि पोरं गप्प बसतात, कारण बोललो तर वाटेल की याचा डोळा शेतावर आहे.

कायद्याला नक्की काय लागतं

हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिश्चन, पारशी या सगळ्यांना भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. त्यातलं कलम ५९ सांगतं की १८ वर्षं पूर्ण झालेला, शुद्धीत असलेला कोणीही माणूस मृत्युपत्र करू शकतो. आणि खरं महत्त्वाचं ते कलम ६३. त्यात तीनच गोष्टी आहेत. करणाऱ्याने स्वतः सही किंवा अंगठा करायचा, किंवा त्याच्या समोर त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने करायची. कमीत कमी दोन साक्षीदारांनी ती सही होताना बघितलेली असावी, नाहीतर करणाऱ्याने स्वतः तोंडाने त्यांना सांगितलेलं असावं की ही माझीच सही. आणि प्रत्येक साक्षीदाराने आपली सही करणाऱ्याच्या समोर केलेली असावी.

बस. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, टाईप केलेलं पाहिजे असंही नाही. वहीच्या कोऱ्या पानावर पेनाने लिहिलेलं मृत्युपत्र चालतं. आप्पांच्या कागदावर जे नव्हतं तरी चाललं असतं ते सगळं होतं आणि जे लागतंच तेवढंच नव्हतं, हे मला आजही लागतं मनाला.

मुस्लिम बांधवांचं वेगळं आहे. त्यांच्या कायद्यात कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, त्यापेक्षा जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते, आणि सुन्नी कायद्यात तर वारसालाच द्यायचं असेल तरी बाकीच्या वारसांची संमती लागते. नंदुरबार, शिरपूर, चोपडा भागातल्या आदिवासी कुटुंबांचंही वेगळं, हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागत नाही आणि आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ ची आडकाठी आहे. या दोन्ही ठिकाणी माहीतगार वकिलाकडे जाऊनच पुढचं पाऊल टाका.

पहिलं काम, कागद जमवणं

लिहायला बसायच्या आधी पंधरा दिवस कागद गोळा करा. प्रत्येक गटाचा ताजा सातबारा, आठ-अ, आणि मुख्य म्हणजे जुने फेरफार. सातबारा सांगतो आज नाव कोणाचं आहे, फेरफार सांगतो ते नाव लागलं कसं, खरेदीने, वाटणीने, वारसाने की कूळ कायद्याने. मृत्युपत्र टिकणार की नाही ते इथंच निम्मं ठरतं. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरात सिटी सर्व्हे असेल तर प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखतं, बँकेची पासबुकं, एफडीच्या पावत्या, विम्याचे कागद.

आता स्वतःची आणि वडिलोपार्जित हा फरक. स्वतः कमावलेलं, स्वतः विकत घेतलेलं कोणालाही देता येतं, मुलाला, मुलीला, पुतण्याला, गावच्या शाळेला. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मात्र फक्त आपला हिस्साच देता येतो (हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम ३०). सातबाऱ्यावर एकट्या दादांचं नाव आहे म्हणून सगळं शेत दादांचं असं नसतं, आणि इथं मुलींचा जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने मुलांइतकाच झालाय, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा केसमध्ये स्पष्ट केलं की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. म्हणजे ज्यांना वाटतं की मृत्युपत्र केलं की बहिणींचा विषय मिटला, त्यांनी नीट ऐका, वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा जो स्वतःचा हिस्सा आहे तो वडिलांच्या मृत्युपत्राने उडत नाही. हक्कसोड हा वेगळा दस्त, तो तिने स्वतःहून रजिस्टर करून द्यायचा असतो. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीला झोका बांधून द्यायचा आणि त्याच दुपारी तिच्यासमोर हक्कसोडीचा कागद ठेवायचा हे मी बघितलंय, आणि मला ते अजिबात पटत नाही.

वर्ग २ च्या (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही अशा) जमिनी आणि कूळ कायद्यात मिळालेल्या जमिनी जास्त जपून. १९४८ च्या कूळ कायद्यातल्या कलम ४३ च्या जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं की परवानगीशिवाय विकायला जशी बंदी तशीच ती मृत्युपत्राने कुटुंबाबाहेर द्यायलाही. तो कायदा जुन्या मुंबई राज्याचा, आपल्या खान्देशालाही तोच लागतो. तुमच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात कूळ कायद्याचा शेरा असेल तर कुटुंबाबाहेर द्यायचा विचार लिहायच्या आधीच वकिलाला दाखवा.

शेत वाटताना फक्त एकर लिहू नका

भाऊबंदकी एकरांवरून कमी आणि विहीर, रस्ता, बांध यांवरून जास्त होते. मृत्युपत्रात "गट नंबर अमुक पैकी उत्तरेकडील दोन एकर मोठ्याला आणि दक्षिणेकडील दोन एकर धाकट्याला" असं लिहून मोकळे होतात, पण विहीर उत्तरेला आहे आणि वाट दक्षिणेकडून आहे, मग पहिल्याच उन्हाळ्यात केळीला पाणी कोण आधी देणार यावरून पाईप उपसले जातात.

म्हणून दादांच्या वेळी आम्ही शेतात जाऊन, बांधावर उभं राहून लिहून घेतलं. विहिरीत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. पाण्याची पाळी एक दिवसाआड. कृषिपंपाचं वीज कनेक्शन कोणाच्या नावावर जाईल आणि बिल कसं भरायचं. बोअर धाकट्याच्या तुकड्यात येतो पण पाईपलाईन मोठ्याच्या तुकड्यातून जाते तर ती तशीच ठेवायची, दुरुस्तीचा खर्च दोघांचा. बैलगाडी-ट्रॅक्टर जायला पूर्व बांधाने अमुक फूट वाट. बांधावरच्या चार आंब्यांचं काय. हे लिहिताना दादा दोनदा म्हणाले की एवढं बारीक कशाला, पण तेच बारीक पुढं भांडण वाचवतं. आणि हो, फार लहान तुकडे करू नका, तुकडेबंदीच्या कायद्यात अडकून फेरफार होत नाही.

सोसायटीचं पीककर्ज किंवा बँकेचा बोजा असेल तर कर्ज कोण फेडणार तेही लिहा. नाहीतर जमीन एकाला, बोजाही त्याच जमिनीवर आणि दुसरा मोकळा.

मजकूर कसा असावा

भाषा साधी, घरातली ठेवा, तुम्हाला वाचून समजली पाहिजे. साधारण सुरुवात अशी:

"मी (पूर्ण नाव), वय अमुक, धंदा शेती, रा. अमुक, ता. रावेर, जि. जळगाव, आज दि. अमुक रोजी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने हे माझं मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रं आणि पुरवणी मृत्युपत्रं याद्वारे रद्द समजावीत."

शेवटचं वाक्य विसरू नका. मग कुटुंबात कोण कोण आहे, पत्नी, सगळे मुलगे-मुली, वारलेल्या मुलाची मुलं असतील तर ती, कोणालाही वगळून यादी करू नका, ज्याला काही द्यायचं नाही त्याचंही नाव लिहा. मग एकेक मालमत्ता, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आणि तिच्यासमोर कोणाला. एखाद्याला कमी किंवा काहीच देत नसाल तर कारण दोन ओळीत लिहा, उदाहरणार्थ "मोठ्या मुलास त्याच्या घरासाठी मी हयातीतच रक्कम दिलेली आहे". कारण देणं कायद्याने सक्तीचं नाही, पण जवळच्या वारसाला विनाकारण बाजूला ठेवलेलं दिसलं की कोर्टाला शंका येते आणि ती शंका दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढं करणाऱ्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ पासून सांगितलंय.

बायकोला देताना एक गोष्ट स्पष्ट करा, पूर्ण मालकी देताय की फक्त हयातीपर्यंत राहायचा आणि उत्पन्न खायचा हक्क. अर्धवट लिहिलेल्या या एका ओळीवरून कितीतरी केसेस वर्षानुवर्षं चालतात. माझं मत विचाराल तर राहतं घर तरी बायकोला पूर्ण मालकीने द्या, म्हातारपणी सुनेच्या-मुलाच्या घरात पाहुणी होण्यापेक्षा ते बरं.

ज्याला द्यायचं तो तुमच्या आधी गेला तर कोणाला, हेही लिहा. शेवटी "वर न लिहिलेली व पुढे मिळणारी इतर सर्व मालमत्ता" कोणाला ते एक वाक्य. आणि एक व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर नेमा, जो हे सगळं अंमलात आणेल. तो वारसांपैकीही चालतो, पण मी म्हणेन सगळ्यांचं ऐकणारा, हिशोबात चोख असा माणूस बघा.

खाडाखोड करू नका. झालीच तर त्या जागेजवळ तुमची आणि दोन्ही साक्षीदारांची सही पाहिजे, त्यापेक्षा ते पान परत लिहिलेलं बरं.

सहीचा दिवस

आप्पांचं जिथं चुकलं ते हे, म्हणून हे मी अगदी जसं झालं तसं सांगतो.

साक्षीदार आधी ठरवले. पहिली अट, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय तो नको, त्याची बायको किंवा तिचा नवरा पण नको. दुसरी, दादांपेक्षा वयाने बरेच लहान आणि तब्येतीने धड, कारण मृत्युपत्र सिद्ध करायला दोनपैकी निदान एका साक्षीदाराला कोर्टात बोलावं लागतं, पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. तिसरी, तारखेला यायला न कंटाळणारा माणूस. आम्ही गावातल्या शाळेचे एक मास्तर आणि दादांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर साक्षीदार असले की मानसिक स्थितीचाही प्रश्न सुटतो, शिवाय त्यांनी त्याच दिवशीचं वेगळं सर्टिफिकेटही दिलं. सर्टिफिकेट कायद्याने लागत नाही, पण वय सत्तरीपुढे असेल तर घ्याच.

सकाळी दहा वाजता ओसरीवर सतरंजी टाकली. आम्ही दोघं भाऊ मुद्दाम शेतात गेलो, कारण ज्याला फायदा मिळणार तो सहीच्या वेळी पुढं पुढं करताना दिसला तर तेच पुढं संशयाचं कारण होतं. मास्तरांनी सगळं मोठ्याने वाचलं. दादांनी मध्ये एकदा थांबवलं, आंब्यांचं नीट वाचा म्हणाले. मग प्रत्येक पानावर खाली सही केली आणि शेवटच्या पानावर पूर्ण सही, तारीख, जागा. मास्तर आणि डॉक्टर दोघं समोरच बसलेले. मग दादांच्या देखत आधी मास्तरांनी, मग डॉक्टरांनी सही केली, नाव, वय, पत्ता लिहिला. त्याच्या वर आधीच एक ओळ लिहिली होती: "मृत्युपत्र करणाऱ्यांनी आम्हा दोघांसमक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सही केली." आप्पांच्या कागदावर ही ओळ होती, पण ती खरी नव्हती. कायद्याने दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायलाच पाहिजेत असं नाही, तरी एकत्रच बसवा, नंतर आठवायला आणि सांगायला सोपं जातं.

सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा, बाजूला "निशाणी डाव्या हाताचा अंगठा, अमुक यांचा" आणि ते लिहिणाऱ्याचा दस्तूर. अशा वेळी "मला वाचून दाखवलं, मला समजलं व मान्य आहे" हे वाक्य पाहिजेच. मोबाईलवर व्हिडिओ काढला तर चांगलं, पण व्हिडिओ आहे म्हणून साक्षीदार नकोत असं होत नाही.

रजिस्टर करावं का

सक्ती नाही. नोंदणी कायदा १९०८ मध्ये मृत्युपत्र ऐच्छिक दस्तांत आहे, स्टॅम्प ड्युटी नाही, फी नाममात्र. मी म्हणेन करा. दुय्यम निबंधकाकडे फोटो निघतो, अंगठ्याचा ठसा घेतला जातो, त्यामुळे "ही सही बापाची नाहीच" हा आरोप जवळपास निकालात निघतो, आणि मूळ कागद हरवला तरी नक्कल मिळते. कागद हयातीत कोणाला दिसेल ही भीतीही नको, करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल फक्त त्यालाच मिळते. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर अर्ज करून अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं.

पण दोन गैरसमज काढून टाका. रजिस्टर केलं म्हणून साक्षीदारांचं काम संपत नाही, कोर्टात साक्षीदार लागतोच. ऑफिसात ओळख पटवायला जे दोघं उभे राहतात ते वेगळे, मृत्युपत्रावरचे साक्षीदार वेगळे, शक्यतो तेच दोघं न्या म्हणजे घोळ होत नाही. आणि दुसरं, रजिस्टर केलेलं मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्रानेही रद्द होतं, फक्त ते नीट केलेलं पाहिजे. जे सगळ्यात शेवटचं ते खरं. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करता येतं पण तेही अगदी तशाच दोन साक्षीदारांसमोर.

नॉमिनी लावलाय ना, मग झालं?

नाही झालं. बँकेतला, शेअर्सचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारस किंवा मृत्युपत्रात नाव असलेला. शेअर्सबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच परत सांगितलं. विम्यात २०१५ नंतर आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर त्यांचा हक्क जास्त भक्कम झालाय. सोपा उपाय, नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा.

बायकांनी तर करावंच

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला मूल नाही, नवरा नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिने स्वतः कमावलेलं सुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, म्हणजे दीर-नणंदा, आणि तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्या मागे. आमच्या त्या चुलत बहिणीला मूल नाही. अंगणवाडीच्या पगारातून साठवलेली एफडी, ज्या सासरने तिला परत पाठवलं तिकडेच गेली असती (घरातला तिचा पाव हिस्सा वडिलांकडून आलेला, तो मात्र वडिलांच्या वारसांकडे आला असता). तिने मागच्या वर्षी मृत्युपत्र केलं, काकूंच्या नावे, आणि काकू आधी गेल्या तर धाकट्या भावाच्या मुलीच्या नावे.

माणूस गेल्यावर

मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची नक्कल, सातबारा घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) तीन महिन्यांच्या आत वर्दी द्या. फेरफार नोंद होते, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, १५ दिवसांत हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होऊन वर जाते, आणि मृत्युपत्र खरं की खोटं हे शेवटी दिवाणी कोर्टच ठरवतं, फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर, आपल्या जिल्ह्यातल्या मालमत्तेसाठी सक्तीचं नाही. मुंबईतल्या मालमत्तेसाठी ते पूर्वी सक्तीचं होतं, २०२५ मध्ये ती सक्ती काढली.

मूळ कागद कुठं ठेवलाय हे निदान दोघांना माहीत पाहिजे. दादांचं मृत्युपत्र लोखंडी कपाटात, धान्याच्या पावत्यांच्या खाली, जाड पाकिटात आहे, झेरॉक्स शिरपूरच्या बहिणीकडे आहे. पाकिटावर मास्तरांचा आणि डॉक्टरांचा मोबाईल नंबर आणि घरचा पत्ता लिहिलाय. मास्तर रिटायर होऊन धुळ्याला राहायला गेले तेव्हा दादांनी स्वतः जुना पत्ता खोडून नवीन लिहिला, आणि दर आखाजीला त्यांना फोन करून तब्येत विचारतात.